बिल्डर बुडाला तर घराच्या पैशांचे काय? बुकिंगआधी हे तपासा

पिंपरी-चिंचवड : चाकण, भोसरीत नोकरी आणि मोशी, चिखली किंवा रावेतला फ्लॅट, हे अनेकांचे गणित. काही देशांत घराचे पैसे वकिलाच्या खात्यातून जातात. आपल्याकडे थेट बिल्डरकडे. त्यामुळे तो बुडाला, की फटका ग्राहकालाच. पुण्यातील डी. एस. कुलकर्णी यांना २०१८ मध्ये अटक झाली, तेव्हा ठेवीदारांसोबत फ्लॅट बुक केलेलेही अडकले.

पैसे भरण्याआधी
• करारनाम्याची नोंदणी होईपर्यंत बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. (रेरा कायदा, कलम १३)
• ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. म्हणून महारेराकडे नोंदवलेल्या खात्यातच पैसे भरा. रोख नको.
• पावत्या, करारनामा, इंडेक्स टू यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर?
• एनसीएलटीत प्रक्रिया सुरू झाली, की कंपनीकडून होणारी इतर वसुली थांबते. महारेराचा परताव्याचा आदेशही अडकतो.
• २०१८ पासून घरखरेदीदारांनाही बँकांसारखे ‘वित्तीय धनको’ मानले जाते. मात्र दावा आपोआप लागत नाही. जाहीर सूचना पाहून ‘फॉर्म सीए’ मुदतीत भरा.
• गृहकर्जाचा हप्ता आपोआप थांबत नाही. बँकेशी लेखी बोला.

कायद्याने हक्क दिला आहे, पण तो सिद्ध होतो कागदावर. ‘आत्ता पैसे भरा, करारनामा नंतर करू’ ही ऑफर कितीही स्वस्त वाटली, तरी महागच पडते.