‘सीम’चे मराठी : अंदाज कोणाचा?



भाषांतराच्या उत्तरपत्रिका तपासताना इंग्रजीतील ‘सीम’ या क्रियापदापाशी मी दरवर्षी अडखळतो. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘वाटणे, दिसणे, भासणे’ असे पर्याय ओळीने दिलेले असतात आणि विद्यार्थी त्यांपैकी हाताला लागेल तो उचलतात. हे पर्याय एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि निवड चुकल्यास प्रसंगी माणसाचे नुकसान होते, असे माझे मत आहे.

इंग्रजी व्याकरणात ‘सीम’ हे संयोजक क्रियापद मानले जाते. ‘शी इज टायर्ड’ हे सरळ विधान झाले. ‘शी सीम्स टायर्ड’ हा अंदाज झाला. पण अंदाज कोणाचा? वाक्याची कर्ती ‘ती’ आहे, आणि अंदाज बांधणारा मात्र वाक्यात कोठेच नाही. ‘टू मी’ हे शब्द जोडून त्याला आत आणता येते, परंतु तसे करण्याची सक्ती नाही. इंग्रजी नेहमीच अशी नव्हती. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘मिथिंक्स’ असा एक शब्द भेटतो. त्यातील ‘मी’ म्हणजे आपले ‘मला’च, आणि संपूर्ण शब्दाचा अर्थ ‘मला वाटते’. पुढे तो प्रचारातून गेला. ‘सीम’ मुळात स्कँडिनेव्हियाकडून इंग्रजीत आलेले आणि त्याचा जुना अर्थ ‘शोभणे’. ‘सीमली’ या विशेषणात तो अजून टिकून आहे.

मराठीने हे ‘मला’ जपले आहे. मला वाटते, आईला वाटले, गावाला वाटेल : अनुभव घेणारा येथे चतुर्थीत उभा असतो. ही रचना एकट्या मराठीची नव्हे. कॉलिन मसिका यांनी १९७६ साली दक्षिण आशियाच्या भाषिक क्षेत्राचा विचार मांडताना तिला स्वतंत्र प्रकरण दिले. आपणही बोलताना ‘ती दमलेली वाटते’ असे ‘मला’ गाळून म्हणतो, हे खरे, पण ‘कोणाला?’ असे कोणी विचारले, तर उत्तर तयार असते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अंदाज कशावरून बांधला, हेही मराठी सांगू शकते. संध्याकाळची वेळ आहे, आजी घरात बसली आहे आणि नातू यायचा आहे. दाराशी त्याच्या चपला दिसल्या, तर ती म्हणेल, “आलेला दिसतो.” फाटकाची कडी वाजली, तर “आला वाटतं.” चपला नाहीत, कडी वाजली नाही, केवळ घड्याळात सात वाजून गेले आहेत, तर “एव्हाना आला असेल.” आणि शेजारणीने सांगितले असेल, तर “आला म्हणे.” डोळ्यांचा पुरावा, कानाचा पुरावा, तर्क आणि ऐकीव माहिती यांची आजीने कधी गल्लत केली नाही, आणि तिला हे कोणी शिकवलेही नव्हते. इंग्रजीकडे साधने नाहीत असे मुळीच नाही. ‘लुक’, ‘साउंड’, ‘मस्ट हॅव’ हे सारे तेथे आहे. परंतु ‘सीम’ या सर्वांवर एकच पांघरूण घालू शकते. त्याचे भाषांतर करताना आपल्याला ते पांघरूण उचलून खाली काय आहे ते पाहावे लागते.

कधी तर खाली ‘वाटणे’ही नसते आणि ‘दिसणे’ही नसते. ‘आय कान्ट सीम टू फाइंड माय ग्लासेस’ या वाक्याचे ‘मी माझा चष्मा शोधू शकत नाही असे वाटते’ असे भाषांतर मी अनेकदा वाचले आहे. असे वाक्य कोणत्याही मराठी घरात उच्चारले जात नाही. तेथे ‘चष्मा काही सापडेना’ म्हणतात. शोधून शोधून आलेली हतबलता ‘सापडेना’ या एका रूपात पुरेपूर आली आहे.

आता नुकसानीविषयी. माझा एक जुना विद्यार्थी एका संस्थेत भांडारपाल होता. तपासणी करणाऱ्याने इंग्रजीत शेरा लिहिला की, साठ्यात तफावत असल्यासारखी ‘सीम’ होते. मराठी पत्रात त्याचे झाले : ‘साठ्यात तफावत दिसून आली आहे.’ शब्द फार बदलले नाहीत. ‘दिसते’चे ‘दिसून आली’ झाले, इतकेच. पण ‘दिसते’ हा अंदाज असतो आणि कार्यालयीन मराठीत ‘दिसून आले’ हा निष्कर्ष असतो. फेरमोजणीत राहिलेले दोन गठ्ठे दुसऱ्या कपाटात सापडेपर्यंत तीन महिने गेले, आणि त्या काळात सहकारी त्याच्याशी मोजकेच बोलत होते. भाषांतर करणाऱ्याच्या मनात काही वाईट होते असे मला वाटत नाही. त्याला ‘दिसून आले’ अधिक भारदस्त वाटले असावे. आपल्या कार्यालयांत भारदस्तपणाचा हा मोह फार आहे.

याच्या नेमकी उलट गोष्ट तुमच्या उत्तरपत्रिकांत घडते. कवितेच्या रसग्रहणात प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘असे वाटते’ येते आणि ‘मला’ कोठेच येत नाही. उत्तरात ‘मी’ लिहू नये, अशी शिकवण अनेकांना शाळेत मिळालेली असते. तिचा हा परिणाम असावा. दिवसभर नोकरी करून, शेत पाहून किंवा मुलांना निजवून तुम्ही रात्री ही पुस्तिका उघडता. पंचवीस-तीस वर्षांच्या अनुभवातून बनलेले मत तुमच्यापाशी असते. मग ते निनावी का लिहावे? ‘मला असे वाटते, कारण…’ अशी सुरुवात केलेले आणि ‘कारण’च्या पुढे कवितेतील एखादा शब्द दाखवणारे उत्तर मी नेहमीच वरचे मानले आहे. मात्र जेथे कवितेत गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे, तेथे ‘वाटते’ नको, ‘आहे’ लिहा.

पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी ‘द स्कूल सीम्स टू बी क्लोज्ड’ हे वाक्य वहीत तीनदा मराठीत लिहा : एकदा फाटकाला लावलेले कुलूप पाहणाऱ्या पालकाच्या तोंडी, एकदा ज्याला बसमध्ये कोणीतरी सांगितले त्याच्या तोंडी, आणि एकदा रात्रभर कोसळणारा पाऊस पाहून घरातूनच तर्क करणाऱ्याच्या तोंडी. तिन्ही वाक्ये सारखीच झाली, तर पुन्हा लिहा.