राउंडला सिस्टरही बोलू दे

वॉर्डात रात्रभर पेशंटजवळ कोण असतं? सिस्टर. लघवी किती झाली, दम कधी लागला, आजी जेवल्या का नाही, सगळं तिला ठाऊक. आणि सकाळच्या राउंडला? ती फाइल धरून मागे उभी! याला टीमवर्क म्हणायचं का, बायांनो?

दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. एमबीबीएसची मुलं एका इमारतीत शिकतात, नर्सिंगच्या मुली दुसऱ्या. एकत्र शिकवलंच नाही, तर एकत्र काम जमणार कसं? दोघांनी एकमेकांकडून शिकावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० सालीच सांगितलंय. तिच्याच शस्त्रक्रियेच्या सुरक्षा-यादीत चीर देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव नि काम सांगायचं असतं. दिल्लीसह आठ शहरांतल्या इस्पितळांत ही यादी वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. २००९ साली ते छापूनही आलं.

लेक नर्सिंगला गेली की आपण ‘सेवा’ म्हणून कौतुक करतो. पण सेवा म्हणजे गप्प राहणं नव्हे. माझं म्हणणं एवढंच, राउंडला पहिला प्रश्न सिस्टरला विचारा. डॉक्टर विचारत नसतील, तर पेशंटच्या उशाशी बसलेल्या आपण विचारू.