जीवदयेचा हिशेब

वाशीमपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही जाळ्यात अडकून डॉल्फिन मेल्याची वार्ता आली की आपल्या घरांतून हळहळ व्यक्त होते आणि शासनाने कठोर नियम करावेत, अशी अपेक्षा ओघानेच उमटते. त्या अपेक्षेमागील करुणा खरी आहे. मात्र केलेल्या नियमाने जीव वाचले का, हे आपण क्वचितच विचारतो.

डॉल्फिन हा मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे. श्वासासाठी त्याला वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. पाण्याखाली जाळ्यात अडकला तर तो गुदमरून मरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला संरक्षण आहे. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने आणखी एक स्तुत्य पाऊल उचलले. संरक्षित सागरी प्राण्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली.

परंतु भरपाईची नोंदवही सुटलेल्या जिवांची संख्या सांगते, बुडून मेलेल्यांची नाही. चौकशीची धास्ती असेल, तर जाळ्यातील मृत डॉल्फिनची वर्दी कोण देणार? किनाऱ्याला लागलेल्या कलेवरांवरूनही अनुमान काढणे कठीण असते. काही तळाशी जातात, काही वारा-प्रवाहांबरोबर दूर वाहतात. केवळ जमेची बाजू लिहिलेल्या खतावणीवरून नफा-तोटा ठरत नाही, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगायला नको.

पुरावा मिळवणे अशक्य मात्र नाही. १९९४ साली अमेरिकेच्या ईशान्येकडील मेनच्या आखातात संशोधकांनी काही जाळ्यांना ध्वनी करणारी उपकरणे लावली आणि जवळजवळ तितक्याच जाळ्यांना तशीच, पण मुकी उपकरणे लावली. मुक्या उपकरणांच्या जाळ्यांत डॉल्फिनचे लहानखुरे आप्त असलेले २५ पॉर्पॉइज सापडले. ध्वनी करणाऱ्या जाळ्यांत केवळ २. अशी तुलना असली म्हणजे नियमाला आधार मिळतो. अर्थात, तो निष्कर्ष त्या समुद्राचा आणि त्या प्राण्याचा आहे. कोकणात त्याची स्वतंत्र परीक्षा व्हायला हवी.

पुरावा येईपर्यंत थांबायचे, तर तोवर किती जीव जातील, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. पुरावा अपुरा असणे म्हणजे हानी नसणे नव्हे. म्हणून नियम आज करावा, पण त्याच दिवसापासून मोजणीही सुरू करावी आणि ठरावीक मुदतीनंतर फेरविचार व्हावा. मृत प्राण्याची प्रामाणिक वर्दी देणाऱ्या मच्छीमाराला अभय असावे. नियमाचा भार त्याच्या चुलीवर पडतो. तो भार सार्थकी लागला की नाही, हे जाणण्याचा त्याला अधिकार आहे.

आपण पाणी गाळून पितो, तेव्हा फडके फाटलेले नाही ना, हे पाहतो. जीवदयेसाठी दान देतानाही संस्थेला आदराने विचारावे : पूर्वी किती जीव मरत होते, आज किती मरतात आणि हे आपण कसे मोजले?