हाडं, हार्मोन आणि बोनलेस चिकन

आमची चिंगी, वय वर्षे पाव-अर्धा (नेमके ५ महिने), गेल्या महिन्यात सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडून बसली. सोफ्यावरून! मांजराच्या जातीला शोभतं का हे?

आता इंजिनियर माणूस म्हटल्यावर डॉक्टरांकडे जायच्या आधी गूगल आलंच. सापडलं टेरिपॅराटाइड. पॅराथायरॉइड हार्मोनचाच एक भाग, माणसांच्या ऑस्टिओपोरोसिससाठी अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळालेला. रोज एक इंजेक्शन, की नवीन हाड तयार. म्हटलं, झालं काम! एक्स-रे निघतोय तोच डॉक्टरांना विचारलं, "हे देता येईल का?"

ते म्हणाले, "खायला काय देता?"

"फक्त बोनलेस चिकन, उकडून," मी अभिमानाने.

त्यांनी एक्स-रे समोर धरला. हाडं फिकट, कागदासारखी पातळ. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर सतत हेच हार्मोन सोडत राहतं आणि ते हाडांतून कॅल्शियम उपसतं. म्हणजे मी जे विकत आणायला निघालो होतो, ते चिंगीच्या अंगात आधीच ओसंडून वाहत होतं!

रोज थोडा वेळ वाढलं तर हाड बांधतं, कायम चढलेलं राहिलं तर पोखरतं. बरं, डोस वाढवूनही भागत नाही. मनगट मोडलेल्या बायकांवरच्या २०१० च्या चाचणीत २० मायक्रोग्रॅमवाल्यांचं हाड लवकर जुळलं, ४० वाल्यांना मात्र तसा फायदा दिसला नाही. शिवाय वाढत्या वयातल्या मुलांनाही हे औषध देत नाहीत, आणि चिंगी तर पिल्लूच.

मांजरांसाठी हार्मोनवर संशोधन जरूर व्हावं. काही केल्या न जुळणाऱ्या हाडांना त्याचा उपयोग होऊ शकेल. पण दुसऱ्या सिस्टिमसाठी लिहिलेला पॅच कोणी टेस्ट न करता थेट प्रॉडक्शनवर टाकतं का? आधी बग शोधायचा. इथे बग माझ्या ताटलीत होता.

चिंगीला पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती आणि पिल्लांचं संतुलित खाणं, एवढीच ट्रीटमेंट चालू आहे. पाय टेकवायला लागली आहे. माझ्यावर अजून रागावलेली आहे, आणि तिचं बरोबर आहे.

असो. तुमच्याकडे मांजर असेल, तर आज तिची ताटली एकदा बघाच.