धूसर तावदान : घासावे की बदलावे?
शिडाच्या जुन्या नौकेतील उघडता येणाऱ्या खिडक्यांची तावदाने बहुधा काचेची नसून ॲक्रिलिकची असतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने ती धूसर होतात. खर्चापूर्वी दोष नीट पारखावा. धूसरपणा केवळ पृष्ठभागावर असेल, तर ६०० पासून २००० क्रमांकापर्यंतचे वॉटर पेपर पाण्यासह क्रमाने घासावेत आणि शेवटी प्लास्टिकचे पॉलिश द्यावे. तावदान पुन्हा उजळते. मात्र आत केसासारख्या चिरा असतील, तर त्या घासून जात नाहीत. असे तावदान लाटेच्या माऱ्याने फुटू शकते. तेथे काटकसर न करता ते बदलावे. कडक झालेली रबरी पट्टीही त्याच वेळी नवी बसवावी. पुढे सौम्य साबणाचे पाणीच वापरावे; ॲसिटोन किंवा अमोनियायुक्त द्रवाने ॲक्रिलिकची हानी होते.