झोनबदलाआधी ग्रामसभेला विचारा

शेतजमिनीवर वसाहती आणि व्यापारी संकुले उभी करू देणाऱ्या झोनबदलाला गोव्यातील गावे विरोध करतात, तेव्हा त्यांना विकासविरोधी ठरवणे अन्यायाचे आहे. २०२३ साली नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आले. प्रादेशिक आराखड्यातील अनवधानाच्या चुका सुधारण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा झोन बदलू लागला; शेजारच्या शेतकऱ्याला आधी हरकत घेण्याची सोयही नव्हती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले. तोवर २०२४ च्या कलम ३९अ ने झोनबदलाची दुसरी वाट उघडली होती. तिच्यात हरकतींसाठी ३० दिवस ठेवले, पण ग्रामसभेची संमती बंधनकारक केली नाही.

प्रश्न एका भूखंडापुरता नसतो. खाजन शेतीत, म्हणजे खारे पाणी अडवून केलेल्या सखल जमिनीतल्या शेतीत, बांध आणि मानशी (पाण्याची दारे) साऱ्या गावाच्या सामाईक असतात. एका शेतात भराव पडला की पाण्याचा निचरा अडतो आणि शेजारचे भात कुजते. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदाही २०२३ चाच. एका हाताने शेती राखायची आणि दुसऱ्या हाताने तिचा झोन बदलायचा, हे धोरण टिकणारे नाही.

२००७ साली लोकांच्या आंदोलनापुढे सरकारला अख्खा प्रादेशिक आराखडा मागे घ्यावा लागला होता. तो धडा विसरू नये. सरकारने भूखंडागणिक झोनबदल थांबवावा आणि ग्रामसभेच्या ठरावाशिवाय शेतजमिनीला हात लावू नये.