मुलाखतीचा फोन कट करणारा मुलगा



पदवी होऊन पाच-सहा वर्षं झाली, मुलगा घरीच. मुलाखतीचा फोन आला की कट करतो. आपण लगेच म्हणतो, "कामच नकोय त्याला." मला हे पटत नाही. आदल्या रात्री झोप नाही, छातीत धडधड, हाताला घाम. मग जाणं टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, पण पुढच्या वेळी भीती दुप्पट होते. चिंतेचं असंच असतं. टाळल्याने ती पोसली जाते. रागावून तर मुळीच जात नाही.

म्हणून पायरी लहान करा. एकदम आठ तासांच्या नोकरीचा धोशा नको. ओळखीच्या झेरॉक्सच्या दुकानात, गावच्या वाचनालयात रोज दोन तास बसला तरी चालेल. अनुभवाच्या रकान्यात तेही लिहिता येतं! फोनवर काय बोलायचं ते कागदावर लिहून घरी म्हणून बघू दे. शिक्षकांनो, माजी विद्यार्थी असेल तर शाळेत बोलावून त्याची लुटूपुटूची मुलाखत घ्या.

राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, १८ ते ३५ वयोगटासाठी. पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. सध्याचे नियम मात्र चौकशी करूनच बघा.

त्रास जास्त असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आणि हो, लग्नकार्यात "सध्या काय करतोस?" विचारणाऱ्या मंडळींना उत्तर तुम्हीच द्या. त्याच्यावर सोडू नका.